कोळसा उगाळावा तितका काळाच... पण का?

मागच्या अंकात शिसपेन्सिलीवर एक छोटंसं उत्तर दिलं होतं, की तिच्यात शिसं नसतंच, ग्राफाइट आणि माती असते, आणि जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की कोळसासुद्धा कार्बनच, फक्त अस्फटिकी. त्या एका शब्दावर इतके प्रश्न आलेत की या वेळी अख्खं सदर कोळशालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : सर, "कोळसा उगाळावा तितका काळा" ही म्हण विज्ञानाच्या दृष्टीने खरी आहे का? कारण हिरव्या बाटलीची काच कुटली की पांढरी पूड होते, मोरचूद कुटला की फिका पडतो. मग कोळसा का नाही फिका पडत?

वा, म्हणीला असा प्रश्न कोणी विचारत नाही! आणि तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, रंगीत वस्तू बारीक केली की बहुतेक वेळा फिकी होते. काचेचे कण बारीक झाले की प्रकाश प्रत्येक कणाच्या कडेवर आपटून इकडेतिकडे फेकला जातो, काचेच्या आत फार लांब जातच नाही, त्यामुळे रंग चढायला वेळ मिळत नाही आणि डोळ्यात येतो तो जवळपास पांढराच प्रकाश.

कोळशाचं तसं नाही कारण त्याला रंग चढवायला जाडी लागतच नाही. ग्राफाइटचा एकच पापुद्रा घेतला, म्हणजे फक्त एका अणूएवढा जाड, तरी तो त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला २.३ टक्के गिळतो. एक अणू जाडीला एवढी भूक, मग उगाळलेल्या कोळशाचा बारीकातला बारीक कण म्हटला तरी त्यात असे शेकडो पापुद्रे आलेच की. कार्बनच्या या थरांत काही इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात आणि त्यांना कुठल्याही रंगाचा प्रकाश चालतो, लाल काय निळा काय, त्यामुळे परत यायला काही उरत नाही.

उलट ग्राफाइट करडं चकचकीत दिसतं, कारण त्याचे थर सपाट असतात आणि थोडा प्रकाश आरशासारखा परत येतो. कोळसा भोकाभोकांचा, प्रकाश आत गेला की भिंतींवर आपटत आपटत संपतो. आणि उगाळल्यावर तुकड्यावर जी काही थोडी चमक होती तीही जाते, म्हणजे म्हण खरी तर आहेच, वर थोडी कमीच बोलते, उगाळला की तो आणखी काळा होतो :)

प्रश्न : मी दहावीत आहे. पुस्तकात अस्फटिकी म्हणजे ज्याला निश्चित आकार नाही असं दिलंय, पण लाकडी कोळशाचा तुकडा बघितला तर लाकडाचा आकार तसाच असतो, रेषापण दिसतात. मग आकार नाही कसा?

बाळा, हा प्रश्न परीक्षेत लिहू नकोस, पण डोक्यातून काढूपण नकोस.

आधी तुझ्या बाजूचं सांगतो. लाकडाचा आकार कोळशात इतका नीट राहतो की उत्खननात सापडलेला हजारो वर्षांपूर्वीचा कोळसा मायक्रोस्कोपखाली धरला की तो कुठल्या झाडाचा होता ते ओळखता येतं, लाकडातल्या नळ्या आणि पेशींच्या भिंती जशाच्या तशा दिसतात. त्याच कोळशातला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, मोजून वय काढतात, त्याचा निम्मा भाग संपायला ५७३० वर्षं लागतात. कोळसा कुजत नाही, किडे खात नाहीत, म्हणून जुन्या चुलीतला कोळसा म्हणजे पुरातत्त्ववाल्यांची लॉटरीच.

आता पुस्तकाची बाजू. तिथे "आकार" म्हणतात तो तुकड्याचा नाही, अणूंच्या मांडणीचा. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना धरून असतो आणि ही मांडणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलत नाही. ग्राफाइटमध्ये षटकोनी जाळीचे थर एकावर एक नीट रचलेले. कोळशात अशी लांबवर चालणारी शिस्त नाही.

पण "शिस्त नाही" म्हणजे काहीच नाही असं मात्र नाहीये, आणि इथे पुस्तक जरा घाई करतं असं मला वाटतं. कोळशाच्या आत षटकोनी जाळीचे लहान लहान तुकडे असतातच, म्हणजे ग्राफाइटचेच चुरगाळलेले कपटे म्हण, पण ते वेडेवाकडे पडलेले, एकमेकांत अडकलेले आणि मधे मधे पोकळ्या. वह्यांची थप्पी आणि रद्दीची टोपली यात जो फरक तो. कागद दोन्हीकडे कागदच.

हे कळायला एका बाईंचं काम फार मोलाचं ठरलं, रोझलिंड फ्रँकलिन. डीएनएच्या क्ष-किरण फोटोमुळे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे पण त्याच्या आधी १९४२ पासून, महायुद्ध चालू असताना, त्या ब्रिटनमधल्या एका कोळसा संशोधन संस्थेत काम करत होत्या आणि १९४५ ची त्यांची पीएचडी कोळशावरच आहे. कोळशातल्या पोकळ्यांची तोंडं इतकी बारीक असतात की काही वायूंचे रेणू आत जातात आणि थोडे मोठे असले की बाहेरच अडकतात, म्हणजे कोळसा रेणूंची चाळणी करतो, हे त्यांनी दाखवलं. नंतर १९५१ मध्ये त्यांनी आणखी मजेशीर गोष्ट मांडली. वेगवेगळे अस्फटिकी कार्बन ३००० अंशांच्या आसपास तापवले तर काहींचं छान ग्राफाइट होतं आणि काहींचं कितीही तापवा, होतच नाही. कोकचं (म्हणजे दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून करतात त्याचं) होतं, लाकडी कोळशाचं होत नाही. कारण कोक ज्या कोळशापासून होतो तो तापताना मधे एकदा मऊ पडतो, वितळल्यासारखा होतो, आणि त्या वेळात जाळीच्या तुकड्यांना साधारण एका दिशेला वळून बसायला वाव मिळतो. लाकूड कधी वितळतच नाही! ते घट्टच्या घट्ट काळं होतं आणि तुकडे जिथे अडकले तिथेच कायमचे अडकतात. म्हणजे कोळशाला लाकडाचा आकार राहतो आणि कोळशाचं ग्राफाइट होत नाही, या दोन्हींचं मूळ एकच आहे. तू नेमकं तेच पकडलंस.

प्रश्न : लोणारी कोळसा, दगडी कोळसा, कोक हे सगळं एकच का? दुकानदारापासून शिक्षकांपर्यंत सगळे नुसतं "कोळसा" म्हणतात.

एक नाही. इंग्रजीत निदान दोन शब्द आहेत, आपण सगळ्याला एकाच पोत्यात घातलंय.

लोणारी कोळसा म्हणजे लाकूड हवा तोडून भाजलेलं. मातीने लिंपलेल्या भट्टीत लाकूड रचायचं, पेटवायचं, आणि मग हवा इतकी कमी ठेवायची की ते जळू नये नुसतं तापत राहावं. आधी पाणी जातं, मग साधारण ३०० अंशांच्या आसपास लाकूड स्वतःच तुटायला लागतं आणि त्यातून मिथेनॉल, ॲसेटिक ॲसिड, डांबर, जळणारे वायू असं सगळं बाहेर पडतं, मागे राहतो तो कोळसा. कोरड्या लाकडात वजनाने निम्मा कार्बन असतो पण तो सगळा काही हाती लागत नाही, साध्या भट्टीत चारपाच किलो लाकडाला एक किलो कोळसा पडला तर चांगलं म्हणायचं. नीट भाजलेला कोळसा फरशीवर टाकला की खणखणीत वाजतो, कच्चा असला की थप्प असा आवाज येतो आणि पेटवल्यावर धूर करतो.

दगडी कोळसा भाजलेला नाही, गाडलेला आहे. दलदलीत पडलेली झाडं हवेअभावी पुरती कुजली नाहीत, वर गाळ साचत गेला, दाब आणि पृथ्वीच्या पोटातली उष्णता आणि कोट्यवधी वर्षं. जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी बरेच ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या काळातले, त्या काळाचं नावच कार्बोनिफेरस. पीट, मग लिग्नाइट, मग बिट्युमिनस, मग अँथ्रासाइट असा प्रवास, राख आणि ओल सोडून मोजलं तर पीटमध्ये कार्बन ५५ ते ६० टक्के आणि अँथ्रासाइटमध्ये ९० च्या वर. बाकी काय? हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक. त्यामुळे पुस्तकात दगडी कोळसा हे कार्बनचं अपरूप म्हणून देतात ते मला कधीच पटलेलं नाही, अपरूप म्हणजे एकाच मूलद्रव्याचं वेगळं रूप, आणि हा तर कार्बनी संयुगांचा खडक आहे. मार्क मात्र पुस्तकाप्रमाणेच मिळतात, काय करणार.

कोक म्हणजे दगडी कोळशाचा पुन्हा कोळसा पाडणं. ठराविक जातीचा दगडी कोळसा बंद भट्टीत हजार अंशांच्या वर तापवला की वायू आणि डांबर निघून जातं आणि करडा, सच्छिद्र पण टणक कोक राहतो. १७०९ मध्ये इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीने लोखंडाची भट्टी लाकडी कोळशाऐवजी कोकवर चालवली आणि तिथून पुढे जंगलतोडीशी बांधलेला लोखंडाचा धंदा मोकळा झाला. लाकडी कोळसा उंच भट्टीत वरच्या खनिजाच्या वजनाखाली चुरा होतो, चुरा झाला की हवा वर जात नाही, कोक मात्र ते वजन पेलतो. आणि गंमत म्हणजे जे डांबर तिथे कचरा म्हणून उरायचं त्याच्यातूनच पुढे ॲनिलिन नावाचं रसायन मिळायला लागलं आणि १८५६ मध्ये विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या पोराने त्यातून जांभळा रंग काढला, जगातल्या कृत्रिम रंगांचा कारखाना सुरू झाला तो असा.

प्रश्न : कोळशावर लाखो वर्षं दाब पडला की त्याचा हिरा होतो, हे खरं ना?

नाही हो. भाषणात फार छान वाटतं ते, "दाब सहन करा, हिरा व्हाल" वगैरे. पण खाणीतले हिरे साधारण दीडशे ते दोनशे किलोमीटर खोलीवर तयार झालेले असतात आणि तिथे दगडी कोळसा पोचतच नाही, कोळशाचे थर पृथ्वीच्या कवचात वरवर असतात. दुसरं म्हणजे वय, बरेचसे हिरे एक अब्ज वर्षांपेक्षा जुने आहेत आणि जमिनीवर झाडंझुडपं यायला लागली ती पन्नास कोटी वर्षांच्या आतली गोष्ट. झाडंच नव्हती तर कोळसा कुठला?

हिरा आणि कोळसा दोन्ही कार्बन, एवढं मात्र खरं. १७७२ मध्ये लाव्हाझिएने भिंगाने ऊन एकवटून हिरा जाळला, आणि १७९७ मध्ये स्मिथसन टेनंटने दाखवलं की जेवढा हिरा जाळाल तेवढाच कोळसा जाळल्यावर जेवढा वायू निघतो तेवढाच निघतो. हिरे जाळून प्रयोग करायचे म्हणजे कमालच.

प्रश्न : लाकूड पेटलं की जाळ आणि धूर, कोळसा मात्र नुसता लाल होतो. मग धूर नाही म्हणून थंडीत खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर चालेल का?

नाही. उत्तर पहिल्या शब्दात देऊन टाकलं कारण पुढचं कोणी वाचलं नाही तरी चालेल.

आता कारण. जाळ म्हणजे जळणारा वायू. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात आणि ते जळतात, अर्धवट जळले की धूर. कोळशातले ते वायू भट्टीतच निघून गेलेत, त्यामुळे ऑक्सिजनला थेट निखाऱ्याच्या पृष्ठभागावर येऊन काम करावं लागतं, म्हणून जाळ नाही नुसती धग, आणि म्हणूनच फुंकर मारली की तो लालबुंद होतो.

पण निखाऱ्यांच्या थरात खाली जो कार्बन डायऑक्साइड तयार होतो तो वर जाताना तापलेल्या कोळशातून जातो, आणि तिथे आणखी एक कार्बन उचलून त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. भरपूर हवा असली तर हा वर येऊन जळतो, निखाऱ्यांवर फिकट निळ्या ज्वाला नाचताना दिसतात ना त्या त्याच्याच. शेगडी मंद झाली, वर राख जमली, खोली बंद आहे, की तो न जळता तसाच खोलीत येतो. वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर बिचारा निदान खोकायला तरी लावतो! रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, आणि मग झोप येते, झोप येतेय म्हणून माणूस पडून राहतो आणि तिथेच घात होतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरसुद्धा इथे फसवतो कारण त्याला हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय की हा वायू ते नीट ओळखता येत नाही, आकडा छान ९८ वगैरे दाखवतो आणि माणूस मात्र गुदमरत असतो.

"खिडकी थोडी उघडी ठेवली तर?" असंही दोघांनी विचारलंय. तर नाही, किती उघडी पुरेल हे कोणालाच सांगता येत नाही. तंबूत नाही, गाडीत नाही, आणि विझत आलेली शेगडी उचलून आत आणणं तर सगळ्यात वाईट. कोणाला त्रास झालाच तर आधी मोकळ्या हवेत काढा आणि थेट डॉक्टरकडे, बरं वाटतंय म्हणून थांबू नका.

प्रश्न : ॲक्टिव्हेटेड चारकोल म्हणजे नक्की काय ॲक्टिव्ह असतं? टूथपेस्ट, फेसवॉश, पाण्याचा फिल्टर, विषबाधेवर औषध, सगळीकडे तेच. घरचा कोळसा कुटून वापरला तर चालेल का?

यावर सगळ्यात जास्त पत्रं होती, म्हणून जरा सविस्तर.

ॲक्टिव्ह म्हणजे वीज नाही, चार्ज नाही, काही नाही. साधा कोळसा (नारळाच्या करवंटीचा यासाठी फार चांगला) घेऊन ८०० ते १००० अंशांना त्याच्यावर वाफ सोडतात. वाफ कार्बनचा थोडा थोडा भाग खाऊन वायू बनवून घेऊन जाते आणि आत बारीक बारीक बिळं कोरत जाते. म्हणजे तुम्ही पैसे देता ते जे काढून टाकलंय त्याचे! एका ग्रॅममध्ये आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं, बॅडमिंटनची १२ कोर्ट मांडता येतील, एका चिमटीत. साध्या कोळशात ही बिळं फार कमी आणि जी असतात ती बरीचशी डांबराने बुजलेली, म्हणून घरचा कोळसा कुटून काम होईल पण इतकं थोडं होईल की त्याच्यावर विसंबू नका.

या भिंतींना रेणू चिकटतात. स्पंज पाणी पितो तसं हे नाही, चिकटणं वरच्यावर होतं, पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. मोठे, तेलकट स्वभावाचे, पाण्यात फारसे न रमणारे रेणू पटकन चिकटतात आणि मीठासारखे पाण्यात सुखाने राहणारे आयन जवळजवळ नाहीच. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं की बाकीची उत्तरं तुम्हीच देऊ शकता.

रंग घालवण्याचा हा गुण १७८५ मध्ये टोबियस लोव्हिट्झच्या लक्षात आला आणि पुढे साखरेचा रस स्वच्छ करायला हाडांचा कोळसा वापरायला लागले, जरी त्यात कार्बन जेमतेम दहा टक्के आणि बाकी बहुतेक कॅल्शियम फॉस्फेट असतं. मग पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये विषारी वायू आले आणि रशियात निकोलाय झेलिन्स्कीने मास्कमध्ये असा कोळसा भरला. अमेरिकेत तर मास्कच्या कोळशासाठी लोकांकडून पीचच्या कोया गोळा केल्या गेल्या, कठीण कवचाचा कोळसा चांगला होतो म्हणून, तेच करवंटीचं तत्त्व.

आता एकेक. पाण्याचा फिल्टर : क्लोरीन, वास, काही कीटकनाशकांसारखी सेंद्रिय द्रव्यं यांना कार्बन उत्तम. पाण्याचा जडपणा, क्षार, नायट्रेट यांना नाही. जंतू मारत नाही, उलट जुन्या कार्ट्रिजमध्ये अडकलेल्या सेंद्रिय मालावर जंतू मजेत वाढतात, त्यामुळे "पाणी अजून येतंय ना" हा बदलायचा निकष नाही. एकाने विचारलंय उन्हात वाळवून पुन्हा ॲक्टिव्ह होतो का, नाही, फार तर ओल जाते आणि वास शोषायच्या पिशवीतून हलके वास थोडे सुटतात. कारखान्यात तो पुन्हा वापरतात पण त्यासाठी परत भट्टीत घालतात, ऊन तिथे पोचत नाही.

विषबाधा : हे खरं औषध आहे पण दवाखान्यातलं. विष पोटात असेपर्यंतच उपयोग, म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या तासाभरात, आणि तेही सगळ्या विषांवर नाही. अल्कोहोल, लोह, लिथियम यांना तो फारसा धरत नाही (बघा, वरचं वाक्य कामी आलं), ॲसिड किंवा अल्कलीवर देत नाहीत, रॉकेलवर देत नाहीत. शुद्धीत नसलेल्या माणसाला पाजला आणि फुप्फुसात गेला तर नवीनच संकट. त्यामुळे घरी डोस ठेवून शहाणपणा नको.

"डिटॉक्स" म्हणून रोज गोळ्या घेणारे : शरीरातली कसली विषं तो ओढून काढणार ते विकणाऱ्यालाच विचारा, मात्र तुमच्या नेहमीच्या औषधाची गोळी तो नक्की पकडेल आणि ती न पचता बाहेर जाईल. बीपीची, फिटची, गर्भनिरोधक, कुठलीही.

टूथपेस्ट : दात पांढरे होतात ते बहुतांशी घासल्यामुळे. कण खरखरीत असले तर डागाबरोबर वरचं कवचही झिजतं आणि ते परत येत नाही. फेसवॉशबद्दल मला फक्त एवढंच म्हणायचंय की साबणाच्या फेसात घातलेल्या कोळशाची बिळं आधी साबणानेच भरून जातात, चेहऱ्यापर्यंत रिकामं काय पोचतं देव जाणे.

एक कबुली देतो. मी शिकवायला लागलो तेव्हा वर्गात निळ्या शाईचं पाणी कोळशाने स्वच्छ करून दाखवायचं ठरवलं, जास्त परिणाम व्हावा म्हणून कोळसा अगदी मैद्यासारखा बारीक घेतला, आणि गाळल्यावर निळं पाणी काळं होऊन खाली आलं. पोरं आठवडाभर हसत होती. कण गाळणकागदातून पार झाले होते. तेव्हापासून दाणेदारच घेतो.

प्रश्न : आमच्या गोदामात कोळशाच्या ढिगातून आपोआप धूर आला. कोणी काडी टाकली असेल असं सगळे म्हणतात, पण आपोआप पेटू शकतो का?

पेटू शकतो, काडीवाल्याला उगीच शिव्या देऊ नका. ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन धरतो आणि त्यात थोडी उष्णता सुटते. एकदोन तुकडे असतील तर ती निघून जाते. मोठ्या ढिगात आतल्या आत साठते, तापमान वाढलं की हे काम आणखी जोरात, आणखी उष्णता, असं चढत जातं. भुकटी जास्त असेल तर अजून वाईट. लाकडी कोळसा जहाजावर नेताना आपोआप पेटू शकणाऱ्या मालात मोडतो तो याचसाठी, आणि दगडी कोळशाच्या ढिगाचंही तेच. ढीग बुटका ठेवा, ताजा माल काही दिवस उघड्यावर निवू द्या, आणि विझलाय असं वाटणारा कोळसा किंवा राख कधीच पोत्यात किंवा प्लास्टिकच्या बादलीत भरू नका, राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो.

जमिनीखाली हेच झालं की विझवणं हाताबाहेर जातं. झारखंडमधल्या झरियाच्या कोळसापट्ट्यातली आग १९१६ पासूनची नोंदलेली आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये एक बर्निंग माउंटन आहे, तिथला कोळशाचा थर अंदाजे ६००० वर्षं धुमसतोय, पहिले युरोपियन लोक आले तेव्हा त्यांना तो ज्वालामुखीच वाटला होता.

प्रश्न : टायर काळेच का असतात? (वय ९, आईच्या फोनवरून)

कारण त्यात काजळी असते! रबर मुळात फिकट असतं आणि पहिले टायर तसेच फिके होते. मग कळलं की कार्बन ब्लॅक, म्हणजे तेल अर्धवट जाळून मुद्दाम केलेली अगदी बारीक काजळी, रबरात मिसळली की ते खूप कमी झिजतं आणि उन्हाने लवकर तडकत नाही. जगात तयार होणारा बहुतेक कार्बन ब्लॅक टायरमध्येच जातो. रंग फुकट मिळाला.

प्रश्न : मी जुन्या हस्तलिखितांची आवड असलेली वाचक. काजळीच्या शाईने लिहिलेलं शेकडो वर्षं फिकं पडत नाही पण शाळेतल्या वहीतलं दहा वर्षांत पुसट होतं, असं का?

शाळेतली शाई म्हणजे रंगद्रव्याचे रेणू, प्रकाश आणि हवा त्यांचे बंध हळूहळू तोडतात आणि बंध तुटला की रंग गेला. काजळीत तोडण्यासारखं काही नाजूक नाही, सगळा कार्बन, नेहमीच्या तापमानाला हवेशी भांडत नाही, उन्हाला दाद देत नाही. काजळी खलून डिंकाच्या पाण्यात कालवायची, डिंक ती कागदाला धरून ठेवतो. दुखणं एकच, ती कागदात मुरत नाही वर बसते, त्यामुळे ओल लागली की डिंक सुटतो आणि अक्षर पसरतं. चित्रकारांच्या कोळशाच्या कांडीचं तर डिंकही नाही, म्हणून बोट लागलं की पुसतं पण उडत मात्र नाही.

याची एक टोकाची गोष्ट आहे, तुम्हाला आवडेल. सन ७९ मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हर्क्युलेनियम या रोमन गावातल्या एका घरातलं पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाच्या, गुंडाळ्यांचं ग्रंथालय गाडलं गेलं आणि हवा न मिळाल्याने गुंडाळ्या जळून राख व्हायच्या ऐवजी त्यांचा कोळसा झाला, म्हणजे भट्टीत होतो तसाच. म्हणून त्या टिकल्या, १७५२ मध्ये सापडल्या. पण उलगडायला गेलं की चुरा होतो. क्ष-किरणांनी आत बघायचं तर कागदही कार्बन आणि शाईही कार्बन, दोन्ही सारखेच दिसतात, काळ्यावर काळं. शेवटी शाई बसलेल्या जागी पृष्ठभागाची ठेवण किंचित वेगळी असते एवढ्या धाग्यावर कॉम्प्युटरला शिकवलं आणि २०२३ मध्ये एका न उघडलेल्या गुंडाळीतला पहिला अख्खा शब्द वाचता आला. ग्रीक शब्द होता, अर्थ जांभळा.